आरशातल्या रिमोटचा पल्ला: प्रभात रस्त्यावरच्या एका गेटच्या कामाच्या नोंदी

५ एप्रिल २०२५

जागा पुण्यातल्या प्रभात रस्त्याची एक गल्ली. दगडी कुंपणभिंत, दोन्ही बाजूंना जुनी झाडं. लोखंडी सरकतं गेट, उघडी जागा ४.२ मीटर, मोटर २३० व्होल्टची, सरकण्याचा वेग मिनिटाला १२ मीटर. गाडीच्या आतल्या आरशातच होमलिंकची (गेटच्या रिमोटचा कोड शिकून त्याच्या जागी चालणारी) तीन बटणं आहेत, त्यातलं डावं या गेटला शिकवलेलं. गेट उघडतं, पण गाडी आठ-दहा मीटरवर आल्यावरच. दिवेलागणीनंतर त्याहूनही जवळ यावं लागतं.

किती पल्ला हवा ते आधी ठरवलं, नाहीतर काम कुठे थांबवायचं तेच कळत नाही. सेकंदाला २० सेंटिमीटर म्हणजे पूर्ण उघडायला २१ सेकंद, शेवटी मोटर मंदावते ते धरून २४. गाडी आत घ्यायला तीन मीटर मोकळे झाले की पुरे, म्हणजे १५ सेकंद. गल्लीत गाडी ताशी १० किलोमीटरने येते, म्हणजे सेकंदाला २.८ मीटर. १५ गुणिले २.८, बरोबर ४२. उद्दिष्ट ४५ मीटर: रात्री, पावसात, काचा बंद असताना. त्यापुढे नको. ५५ मीटरवर गल्लीला वळण आहे, आणि नजरेआड असलेलं गेट हलवणं धोक्याचं.

गाडीला हात लावायचा नाही हेही आजच ठरलं. आपोआप काळवंडणारा आरसा खोलताना काच तडकते आणि वॉरंटीवर पाणी पडतं. रिमोटच्या मागे पॉवर अॅम्प्लिफायर लावण्याचा सल्ला बरेचजण देतात, तोही घेऊ नये. ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवान्याविना वापरता येतो तो कमी शक्तीच्या मर्यादेतच. शिवाय गेट ऐकत नसेल तर गाडीने ओरडून काय होणार? जे करायचं ते ऐकणाऱ्या बाजूला.

६ एप्रिल

मोजणी. रस्त्यावर दर मीटरला खडूची खूण, गाडी गेटकडे तोंड करून, इग्निशन चालू, काचा बंद. एका खुणेवर पाच वेळा बटण दाबायचं, पाचही वेळा गेट हललं तरच ती खूण पास. पाचपैकी तीन म्हणजे नापास. अशा गेटवर रोज वैतागच येतो.

दिवसा मिळालेले आकडे:
हातातला मूळ रिमोट, गाडीबाहेर उभं राहून, आरशाइतक्या उंचीवर: १९ मीटर
तोच रिमोट गाडीत, आरशाजवळ धरून: १४ मीटर
आरशातलं बटण: १० मीटर

रात्री गेटच्या खांबांवरचे दिवे लावल्यावर आरशातलं बटण ६ मीटरवर आलं.

हे तीन आकडे वेगवेगळे घेतले म्हणून दोष कुठे किती ते कळतं. जमिनीलगतच्या अशा अंतरात सिग्नल अंतराच्या चौथ्या घाताने पडतो, त्यामुळे पल्ला दुप्पट करायला १२ डीबी (डेसिबल, सिग्नल किती पटीने वाढला-घटला त्याचं माप) लागतात (मोकळ्या आकाशात ६ पुरतात). १९ चे १४ झाले म्हणजे काच आणि पत्रा मिळून ५ डीबी खातात. १४ चे १० झाले म्हणजे आरशातला इवलासा अँटेना हातातल्या रिमोटपेक्षा सुमारे ६ डीबी कमजोर. दोन्ही मिळून ११. आपल्याला १० चे ४५ करायचे आहेत, त्याला २६ डीबी हवेत. समजा गाडीतला सगळा तोटा भरून निघाला, तरी अर्धंही काम होत नाही.

फास्टॅगवर संशय घेतला जातो, कारण तो आरशासमोरच्या काचेवर चिकटलेला असतो. त्याचा पट्टा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ आणि त्यातली धातूची पट्टी आपल्या ६९ सेंटिमीटरच्या तरंगलांबीपुढे अगदीच आखूड. तो जिथे आहे तिथे राहू द्यावा. काचेवर धातूचा थर असलेली फिल्म असेल तर मात्र ती खरी आडकाठी असते. या गाडीला तशी फिल्म नाही.

१२ एप्रिल

दिवस आणि रात्र यांतला फरक हा गेटकडच्या रेडिओ गोंगाटाचा पुरावा. गाडी रात्री हळू बोलत नाही.

आरटीएल-एसडीआर डोंगल (रेडिओ सिग्नल लॅपटॉपवर दाखवणारा छोटा रिसिव्हर) लॅपटॉपला लावून मोटरच्या पेटीशेजारी ठेवलं, ४३३.९२ मेगाहर्ट्झ या रिमोटच्या फ्रिक्वेन्सीवर लावलं. आपोआप बदलणारा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण) बंद करून तो एका आकड्यावर अडकवला. हे विसरलं की गोंगाट वाढताच डोंगल स्वतःच गेन कमी करतं आणि सगळे आकडे फसवे येतात. या डोंगलचे डीबी कोणत्याही मापाला जुळवलेले नसतात. फक्त आधी-नंतरची तुलना करावी.

घरातले एमसीबी एकेक करून पाडले. सीसीटीव्हीचा अॅडॅप्टर बंद केल्यावर किंचित फरक. इंटरकॉमने काहीच नाही. खांबांवरचे दोन एलईडी बल्ब लावले की गोंगाटाची पातळी ९ डीबीने वर. १० मीटरचे ६ होण्याचा हिशेबही ९ डीबीच येतो, त्यामुळे रात्रीच्या तक्रारीत आणखी काही दडलेलं नाही.

स्वस्त बल्बच्या ड्रायव्हरमध्ये फिल्टरचे भाग गाळलेले असतात, आणि बल्बपासून खाली येणारी वायर त्या गोंगाटाचा अँटेना बनते. इथे तर ती वायर मोटरच्या पेटीला घासूनच गेली आहे. तपकीर गल्लीतून तीन वेगळ्या बनावटींचे बल्ब आणून डोंगलशेजारी लावून पाहिले. त्यातला एक जवळजवळ शांत, एक जुन्यापेक्षाही वाईट. किंमत किंवा वजन पाहून हे कळत नाही, लावूनच पाहावं लागतं. शांत बल्ब दोन्ही खांबांवर बसवला आणि वायरवर बल्बजवळच फेराइटचे (गोंगाट शोषणाऱ्या चुंबकीय मिश्रणाचे) क्लिप मणी ओवले. वायरचे मण्यातून दोन-तीन वेढे घेऊ नयेत. या फ्रिक्वेन्सीला वेढ्यावेढ्यांमधून सिग्नल उडी मारून जातो. त्यापेक्षा सरळ वायरवर एकापुढे एक तीन मणी बरे. मण्याचं मिश्रण ६१ क्रमांकाचं मिळालं तर उत्तम. ४३ क्रमांकाचं ३०० मेगाहर्ट्झच्या आसपास दमायला लागतं.

आता रात्रीचा पल्ला दिवसाइतकाच, १० मीटर.

१९ एप्रिल

मोटरची पेटी उघडली. आधी एमसीबी खाली आणि त्यावर कुलूप. मोटरचा कपॅसिटर बंद केल्यावरही भरलेला असू शकतो, म्हणून १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर त्याच्या टोकांवर धरून मोकळा केला आणि मल्टीमीटरने शून्य पाहिलं. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडण्याची पद्धत सोडून द्यावी.

बोर्डावर रिसिव्हरचं लहान कार्ड खाचेत बसवलेलं, सुपर-रिजनरेटिव्ह या स्वस्त जातीचं. अँटेना म्हणजे १७ सेंटिमीटर वायर, ट्रान्सफॉर्मरच्या मागे गुंडाळून कोंबलेली. पेटी जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर, पुढे दगडी भिंत, शेजारी लोखंडी गेट. पुण्यात जी गेटं उघडून पाहावीत त्यांतली बहुतेक अशीच असतात. बसवणारा घाईत असतो आणि हातातल्या रिमोटवर गेट चाललं की निघतो.

वायर नुसती सरळ उभी केली: १० चे १३ मीटर. उंचीचा मामला त्याहून मोठा आहे.

सिग्नल आरशापासून अँटेनापर्यंत दोन वाटांनी येतो, थेट आणि रस्त्यावर आपटून. ठरावीक अंतरापलीकडे या दोन वाटा एकमेकींना मारायला लागतात आणि तिथून चौथ्या घाताची घसरण सुरू होते. ते अंतर म्हणजे चार गुणिले दोन्ही उंचींचा गुणाकार, भागिले तरंगलांबी. आरसा १.२५ मीटरवर, अँटेना ०.४५ वर, तरंगलांबी ०.६९: उत्तर सव्वातीन मीटर. म्हणजे गाडी गेटच्या तोंडाशी असतानाच घसरण लागलेली असते. अँटेना ३.४ मीटरवर नेला तर तेच अंतर २५ मीटर होतं. त्यापलीकडे मिळकत २० गुणिले उंचींच्या गुणोत्तराचा लॉग, म्हणजे कागदावर साडेसतरा डीबी. झाडं, भिंत, पार्क केलेल्या गाड्या यात हिस्सा मागणारच. तरी एवढं देणारं दुसरं काहीही या कामात नाही.

२६ एप्रिल

अँटेना बनवला. पाव तरंगाचा उभा दांडा, खाली चार तिरके दांडे.

लागलेलं सामान: चार भोकांचं एन जातीचं पॅनल सॉकेट, २ मिलिमीटर जाडीची पितळी सळई एक मीटर, चार स्क्रू-नट, १६ मिलिमीटरची पीव्हीसी नळी आणि तिचं टोपण, एक मीटर लांबीचा जाड पीव्हीसी पाईप खांबासाठी. सॉकेट आणि सळई पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मिळतात.

चार दांडे प्रत्येकी १७.५ सेंटिमीटर, ४५ अंशांत खाली वाकवलेले. आडवेच ठेवले तर अँटेनाचा अवरोध ३६ ओहमच्या आसपास राहतो, वाकवल्यावर रेडिओ सामानाच्या नेहमीच्या ५० कडे येतो. उभा दांडा मुद्दाम १८ सेंटिमीटर ठेवून सुरुवात करावी, कापता येतं, जोडता येत नाही. त्यावर नळीचं टोपण चढवूनच मोजावं. पीव्हीसीमुळे सूर काही मेगाहर्ट्झ खाली सरकतो आणि उघड्यावर जुळवलेला दांडा टोपणाखाली बेसूर होतो.

नॅनोव्हीएनए (अँटेना कोणत्या फ्रिक्वेन्सीला जुळतो ते आलेखावर दाखवणारं यंत्र) केबलच्या टोकाशी कॅलिब्रेट केलं. १८ सेंटिमीटरला आलेखातली दरी, म्हणजे जुळणीची जागा, ४०० मेगाहर्ट्झच्या जवळ. इथे एक मिलिमीटर म्हणजे साधारण अडीच मेगाहर्ट्झ, म्हणून कानसने एकेक मिलिमीटर. १६.६ सेंटिमीटरला दरी ४३४ वर आली, एसडब्ल्यूआर (न जुळण्याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.३. याहून खाली नेण्यात वेळ घालवू नये, १.५ ला सुद्धा तोटा पाव डीबीपेक्षा कमी असतो.

३ मे

अँटेना गेटच्या खांबावर, जमिनीपासून ३.४ मीटर. खांबातून कंड्युटने मोटरपर्यंत केबल ६ मीटर.

केबल कोणती यावर थोडं. आरजी-५८ ही जाळीचं आवरण असलेली अँटेनाची केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे ०.४ डीबीच्या आसपास खाते, सहा मीटरला सव्वादोन-अडीच. डिशची आरजी-६ त्याच्या निम्म्याहून कमी खाते. ती ७५ ओहमची आहे हे खरं, पण ५० शी न जुळण्याचा तोटा ०.२ डीबीच्या आत. स्वस्त आणि चांगली. अडचण एकच: तिची जाळी अॅल्युमिनियमची असते आणि तिला सोल्डर धरत नाही. कम्प्रेशनचे एफ कनेक्टर लावावेत आणि बोर्डाकडे एफ सॉकेटपासून पाच सेंटिमीटरची तांब्याची शेपटी काढावी. जाळी पिळून स्क्रूखाली दाबली तर पहिल्या पावसाळ्यात तो सांधा जातो. बोर्डावर अँटेनाच्या शेजारी जमिनीचं टर्मिनल असतं, जाळी तिथे. ते मोकळं सोडलं तर केबलचं बाहेरचं अंगच अँटेना होतं आणि खालचा सगळा गोंगाट वर ओढून आणतं.

आरशातलं बटण: २४ मीटर. दहाच्या हिशेबाने १५ डीबी.

१० मे

उरलेले ११-१२ डीबी रिसिव्हरमध्ये शोधायचे. सुपर-रिजनरेटिव्ह कार्ड स्वस्त असतं, पण मेगाहर्ट्झभर रुंद पट्टा एकदम ऐकतं, त्यामुळे गोंगाटही तेवढाच घेतं. त्याचा कोडही ठरलेला, बदलत नाही. पल्ला वाढवायचा आणि तोच कोड दूरवर ऐकवत राहायचा, हे बरोबर नाही. गल्लीच्या टोकाला बसून कुणीही तो टिपून परत वाजवू शकतो. म्हणून सुपरहेटरोडाइन (अरुंद पट्टाच ऐकणारा), रोलिंग (दर दाबाला बदलणाऱ्या) कोडचा, रिले (विजेने चालणारा स्विच) असलेला स्वतंत्र रिसिव्हर घेतला.

तो खाली बोर्डाशेजारी न ठेवता वर, अँटेनाखालीच पेटीत ठेवला. मग सहा मीटर आरजी-६ जागेवरून काढूनच टाकता येते, अँटेनापासून रिसिव्हरपर्यंत वीस सेंटिमीटर केबल उरते आणि खाली चार तारांची साधी वायर: दोन तारा बोर्डाच्या २४ व्होल्ट डीसी पुरवठ्याच्या, दोन रिलेच्या. रिलेचे कॉमन आणि एनओ (एरवी तुटलेला) संपर्क मोटरच्या बोर्डावर पुश बटणाच्या टर्मिनलला समांतर. रिले क्षणिक पद्धतीवर, अर्धा ते एक सेकंद. टॉगलवर (पुढच्या दाबापर्यंत चालूच) ठेवला तर बटण दाबून धरल्यासारखं होतं आणि गेट अडकून बसतं.

जुनं कार्ड खाचेतून काढलं. ते ठेवलं असतं तर दोन त्रास होते. सुपर-रिजनरेटिव्ह रिसिव्हर स्वतःही त्याच पट्ट्यात थोडं प्रसारण करत असतो आणि शेजारच्या चांगल्या रिसिव्हरला बहिरा करतो. दुसरं, एखादा रिमोट दोन्हींना शिकवलेला राहिला तर एका दाबात दोन आज्ञा पोचतात: पहिलीने गेट सुटतं, दुसरीने जागीच थांबतं. मोटरला, लिमिट स्विचला, रॅकला दोष देत लोक दिवस घालवतात.

होमलिंकला नव्याने शिकवण्याचा क्रम:
बाहेरची दोन बटणं दिवा भराभर लुकलुकेपर्यंत, साधारण २० सेकंद दाबून जुनं सगळं पुसलं. यात तिन्ही बटणं पुसली जातात, दुसऱ्या बटणावर काही असेल तर आधी विचारून घ्यावं.
नव्या रिमोटमध्ये ताजा सेल.
रिमोट आरशापासून दोन ते आठ सेंटिमीटरवर धरून रिमोटचं आणि आरशातलं डावं, अशी दोन्ही बटणं एकदम दाबली. काही रिमोट एक-दोन सेकंदांत आपोआप गप्प होतात, तेव्हा रिमोटचं बटण दर दोन सेकंदांनी सोडून पुन्हा दाबावं, आरशाचं दाबलेलंच ठेवावं.
दिव्याची लुकलुक हळूची जलद झाली की आरशाने ओळखलं.
मग नुसतं आरशातलं बटण दाबून पाहिलं. दिवा एकसारखा राहिला तर ठरलेला कोड, काम संपलं. दोन सेकंद भराभर लुकलुकून मग स्थिर झाला तर रोलिंग.
रोलिंग असल्यामुळे रिसिव्हरवरचं लर्न बटण दाबून ३० सेकंदांच्या आत आरशातलं बटण दोन सेकंद धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. रिले टिकटिकला.

होमलिंक सगळे रोलिंग कोड ओळखत नाही. रिसिव्हर खांबावर चढवण्याआधी टेबलावर अॅडॅप्टर लावून गाडीशी जुळतो का ते पाहावं आणि मगच भोकं पाडावीत.

१७ मे

वळवाच्या पावसाआधी विजेचं. अँटेना बंगल्यापेक्षा आणि झाडांपेक्षा खाली आहे, तरी जवळ पडलेल्या विजेचा झटका सहा मीटर वायरीत येतोच. २४ व्होल्टच्या दोन्ही टोकांना, वर आणि खाली, १४डी४७०के व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेजचा झटका गिळणारा भाग). चार तारांची वायर २३० व्होल्टच्या कंड्युटमधून काढून स्वतंत्र पाईपमध्ये घातली.

१४ जून

पावसात उघडून पाहिलं. पेटी कोरडी. वायर खालूनच ग्लँडमधून (वायर घट्ट धरणाऱ्या बुचातून) आत येते, ग्लँडच्या अलीकडे वायरीला खाली झोळ दिला आहे म्हणजे पाणी तिथून ठिबकतं. पेटीच्या तळाला ३ मिलिमीटरचं भोक ठेवलं आहे. हवाबंद करण्याचा हट्ट धरला की रात्री आत दव धरतं आणि बाहेर पडायला वाट नसते.

सांध्यांना सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं टाळावं. त्यातलं आम्ल तांबं खातं आणि हिरवा थर चढतो. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्यावं.

ओल्या पानांनी सिग्नल पडतो, पण डोंगलवर जेमतेम दीड-दोन डीबी.

२१ जून

शेवटची मोजणी, त्याच खुणा, तीच पद्धत. आरशातलं बटण, काचा बंद: कोरड्या रस्त्यावर ४८ मीटर, भर पावसात ४५. रात्री दिवे लावून फरक नाही.

पल्ला वाढला की सुरक्षेचा हिशेब बदलतो. आता गाडी पोचायच्या आधी गेट चालतं, तेव्हा जवळ कुणी नसतं. फोटोसेलची (मधला किरण अडला की गेटला बंद होऊ न देणाऱ्या सेन्सरची) जोडी आधी एकच होती, बाहेरच्या बाजूला. आतल्या बाजूलाही दुसरी बसवली, ५० सेंटिमीटर उंचीवर, संपर्क एनसी (एरवी जोडलेला), म्हणजे वायर तुटली तरी गेट बंद व्हायला नकार देतं. आपोआप बंद होण्याची वेळ १५ वरून ३० सेकंद केली, कारण गल्लीत रिक्षा आडवी आली की गाडी थांबते आणि गेट तोंडावर बंद व्हायला लागतं. अडथळा लागल्यावर गेट मागे फिरतं का ते लाकडी ठोकळा आडवा ठेवून तपासलं.

५ जुलै

दोन बारीक गोष्टी. घरातला एक जुना रोलिंग रिमोट नव्या रिसिव्हरने शिकला, पण दोन मीटरपलीकडे चालेना. डोंगलवर पाहिलं तर तो ४३३.९२ ऐवजी ४३३.५ जवळ बोलतो. रुंद कानाच्या जुन्या कार्डाला ते खपत होतं, सुपरहेटरोडाइनला खपत नाही. रिमोट बदलला. डोंगलची स्वतःची चूक ५० पीपीएम (दहा लाखांत ५०) धरली तरी इथे २२ किलोहर्ट्झच होते, त्यामुळे एवढ्या मोठ्या फरकाचा दोष डोंगलवर जात नाही.

दुसरं, गाडी १२ मीटरवर असताना डोंगलवर सिग्नलला खळगा दिसतो. दोन्ही उंचींचा गुणाकार दुप्पट करून तरंगलांबीने भागला तर १२.३ मीटर येतात. थेट आणि आपटून येणारी वाट तिथेच एकमेकींना खातात. इतक्या जवळ सिग्नल एवढा भरपूर असतो की गेट दर वेळी उघडतं. अँटेना हलवायची गरज नाही.